न्हानीतला राजहंस

जुन्नर आन आंबेगाव, दोन्ही तालुकं धुंडाळा, घरात राजहंस पाळलेला मानूस माझ्याबिगर दुसरा गावायचा न्हाई. आता तो राजहंस नव्हता, आन मी त्याला पाळला म्हनन्यापरीस त्यानंच मला दहा महिनं दावनीला बांधून ठेवलं, एवढं सोडलं तर बाकी सगळं खरं हाय.

मी एका जागी बसनारा मानूसच न्हाई. शाळेत बसता आलं न्हाई, म्हनून शाळा न्हाई. वीटभट्टीवर गेलो, महिन्यात माघारी. बॅंडात खुळखुळा वाजवायला घेतला, तर वाजवत वाजवत असा म्होरं निघून गेलो की नवरदेव मागच्या चौकात आन मी मांडवात. नारायनगावात टमाट्याचं क्रेट उचललं, टेम्पोवर क्लीनर झालो, तिथनंबी पळालो. बायको आल्या-गेल्याला सांगायची, "आमच्या ह्यांच्या बुडाला चाकं हायत, ब्रेक तेवढा द्यायचा राह्यलाय."

शेवटी गावच्या एका शेतकऱ्यानं मला मोटरीवर ठेवलं. आमचं गाव पिंपरी पेंढार. तिथनं सायकलीवर धरनाचा फुगवटा, तिथं मालकाची मोटर. दिवाळीनंतर फुगवट्याचं पानी वसरायला लागतं. रोज थोडं थोडं मागं सरतं आन मोटर कोरडी पडती. मग मोटर उचलून म्होरं न्यायची, पाइपाचा एक तुकडा जोडायचा, केबल वढायची, पाइपाच्या टोकाचा फुटवॉल पान्यात सोडायचा. आठ दिवसांनी परत तेच. उन्हाळ्यापर्यंत मोटर मूळ जागंपासनं एवढी लांब जाती की घरी जायला तिलाच यष्टी लागावी. हे काम माझ्या अंगाला बसलं. पानी पळतंय, आपुन त्याच्यामागं पळतोय, आन कुनी म्हनत न्हाई की बस जरा.

थंडीत त्या काठावर पाखरं उतरायची. बदकापरीस थोराड, करडी, पाय नारिंगी, डोकं पांढरं आन मानेमागं दोन काळ्या रेघा. जसं कुनी कोळशात बोटं बुडवून वढलीत. सकाळच्या पारी मालकाच्या हरभऱ्यात चरायची आन मी गेलो की 'आँक आँक' करून शिव्या देत पान्यात जायची. मालक त्यांना बदकं म्हनायचे. जाळं टाकनारं लोक राजहंस म्हनायचे. मी राजहंस धरलं. दिवसभर बदकं हाकतो म्हनून सांगन्यापरीस राजहंस हाकतो म्हटलं की मानसाची जरा उंची वाढती.

मोबाइल गावात नुकतंच आलं व्हतं आन रेंज टेकडीवर जाऊन घ्यावी लागायची, तवाची ही गोष्ट. माघ महिना असंल. सकाळी फुटवॉल बघायला गेलो तर कुनाच्या तरी फाटक्या जाळ्यात त्या राजहंसांतला एक अडकलेला. नायलॉनचा दोरा पंखात रुतलेला, रगत वाळलेलं. मी सोडवायला गेलो, त्यानं माझा अंगठा धरला. त्याच्या चोचीला बारीक करवतीसारखं दातं असतात, हे शास्त्र मी तवा शिकलो. तासभर झटापट झाली. शेवटी शर्ट काढून त्याच्या डोक्यावर टाकला तवा तो गप झाला, आन मी उघडा थंडीत कुडकुडत घरी आलो.

बायकोनं दारातच इचारलं, "शर्ट कुठाय?"

"राजहंसाच्या अंगावर."

ती आत गेली. लग्नाला बारा वर्सं झाली व्हती, तिनं आनखी काय इचारलं न्हाई.

पेठला माझी बहीन दिली हाय. दाजी गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर. म्हशीच्या आचळापासनं बैलाच्या खांद्यापर्यंत सगळं शिवतात, म्हटलं पंख काय अवघड. पाखरू पोत्यात घातलं, पोत्याला हवंपुरतं भोक पाडलं, आन आळेफाट्यावर पुन्याची यष्टी धरली.

कंडक्टर आला. "पोत्यात काय?"

"कोंबडा हाय."

तेवढ्यात भोकातनं मान बाहेर आली. आली ती येतच राह्यली. कंडक्टरनं चश्मा वर केला. "राव, ह्या कोंबड्याची मान नाशकात आन बूड पुन्यात. काय हाय खरं सांग."

"राजहंस हाय. आजारी हाय. दवाखान्यात चाललाय."

"ह्याला पंख असून यष्टीनं जातोय आन मी पास असून पायी जातो," कंडक्टर म्हनाला, आन तिकीट माझं एकट्याचंच फाडलं. मंचरच्या अलीकडं पाखरानं एकदाच 'आँक' केलं. डायवरनं मागं न बघता साइड दिली. मागं गाडीच नव्हती.

दाजींनी पंख उघडून बघितला. "हाड शाबूत हाय मेव्हनं. कातडं फाटलंय, सांधा मुरगाळलाय. पन हा हंस न्हाई. आमच्या सायबांच्या पुस्तकात ह्याचं नाव पट्टकादंब हाय."

"कादंब असू दे न्हाईतर फादंब. आमच्याकडं राजहंसच म्हनतात."

"तुमच्याकडं काय, बोक्यालाबी वाघ म्हनतात. खरा हंस थंड मुलखातला. मान ह्याच्या दुप्पट, अंग दुधावानी. तो आपल्याकडं येतच न्हाई."

"मग आपल्या लोकांनी बघितला कवा?"

"बघितला न्हाई म्हनून तर एवढं कवतिक," दाजी दोरा तोडत म्हनाले.

नर हाय का मादी, ते त्यांना इचारलं. वरनं कळत न्हाई म्हनाले, त्यांचं त्यांना कळतं. ह्यांची जोडी एकदा जमली की जन्मभराची असती, हेबी सांगितलं. आन जाताना बजावलं, "हे हिमालयाच्या पल्याड अंडी घालतात. होळी-पाडव्याच्या म्होरंमागं सगळं थवं निघतात. वीस दिवस सांभाळा आन त्याच्या लोकांत सोडा. थवा गेला की ह्याला वाट दावनारं कोन न्हाई. आन लई गाजावाजा करू नका, जंगल खात्याचा मानूस दारात येईल."

घरी येऊन जोडीचं बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत म्हनाली, "तिकडंबी तेच व्हय. गरीब बिचारी."

कुत्री व्हती, बिबट्याबी उसाच्या कडंनं फिरायचा, म्हनून पाखराला न्हानीत ठेवलं. आमची न्हानी म्हंजे घराच्या मागं चार भिंती, वर पत्रा आन पुढं फळीचं दार. बायको त्याला ना बदक म्हनली, ना हंस, ना पट्टकादंब. ती म्हनायची पावनं. "पावन्याला पाला टाका." "पावनं आंघोळ करू देईनात, त्यांना जरा बाहेर घ्या." हरभऱ्याचा पाला, मेथीची देठं, भिजवलेली बाजरी, सगळं तीच बघायची. पाखरू तिच्यामागं अंगनभर फिरायचं. माझ्यामागं एकदाच आलं, ते चावायला.

इथवर ठीक व्हतं. इथवर मी वाचवनारा मानूस व्हतो, आन तिथंच थांबलो असतो तर आज ह्या गोष्टीत मला तोंड दाखवायला जागा असती.

आमच्या वस्तीत जयंतीला मिरवनूक निघती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर देखावा असतो. त्याची बैठक विहारात बसली. मंडळाचे अध्यक्ष म्हंजे रिटायर झालेले गुरुजी. ते म्हनाले, यंदा भगवंतांच्या लहानपनाचा प्रसंग करू. बाणानं घायाळ झालेला हंस राजपुत्र मांडीवर घेतो, त्याचा भाऊ म्हनतो मी पाडला म्हनून माझा, आन राजपुत्र म्हनतो मी वाचवला म्हनून माझा. ही गोष्ट आमच्यात लहान पोरालाबी पाठ असती. हंस थर्माकोलचा करायचा ठरत व्हता.

मला त्या मंडळात दरसाल एकच काम. जनरेटरजवळ उभं राह्यचं आन तो बंद पडला की "बंद पडला" म्हनून वरडायचं. तेवढंबी एका साली जमलं न्हाई, चहाला गेलो व्हतो. तर मी त्या दिशी उठलो आन म्हनालो, "थर्माकोल कशाला? जित्ता हंस आनतो."

मग मागनं कुनीतरी म्हनालं, "ह्यालाच हंस करा. मान लांब हाय, आन बाण मारायला मी तयार हाय."

हसनं थांबल्यावर गुरुजींनी इचारलं, "शब्द देतोस? सगळ्या वस्तीचा देखावा आहे. आयत्या वेळी तुझ्या सवयीनं पळालास तर रिकाम्या मांडीचा राजपुत्र फिरवावा लागेल."

"शब्द दिला."

गुरुजींनी वहीत लिहिलं. रेशनकार्ड सोडलं तर माझं नाव कागदावर पैल्यांदा चढलं. घरी जाताना मी लई ताठ चाललो. घर आल्यावर मग डोक्यात उजेड पडला. जयंती चैत्रात, अर्धा एप्रिल झाल्यावर. थवं त्याच्या आधी जानार. पाखरू सोडलं तर माझा शब्द जातो, ठेवलं तर त्याची वाट जाती.

गुरुजी एकदा बघायला आले. हंस दूध आन पानी येगळं करतो, ते खरं का खोटं बघू म्हनाले. बायको घरात नव्हती, तिचं कपभर दूध मी वाटीत वतलं, तेवढंच पानी घातलं. पाखरानं चोच घातली, डावीकडं झटकली, उजवीकडं झटकली. दूध माझ्या तोंडावर, पानी गुरुजींच्या धोतरावर. गुरुजी म्हनाले, "एका अर्थानं वेगळं केलं खरं." मी म्हनालो, "ह्याला डेरीवर नेऊन ठेवला तर निम्मं गाव उपाशी मरंल." गुरुजी हसले न्हाईत. त्यांच्याबी दोन म्हशी व्हत्या.

होळी झाली आन पंख बरा झाला. न्हानीत त्यानं पंख पसरला की हंडा आडवा. संध्याकाळी थवं घरावरनं वरडत जायचं. वरनं आवाज आला की हे खालनं उत्तर द्यायचं, आन चालायला लागायचं. न्हानीच्या एका भिंतीपासनं दुसरीपर्यंत. जायचं, भिंतीला छाती लावायचं, वळायचं. छाती लावायचं ती भिंत दरयेळी एकच, वरच्या अंगाची, उत्तरंची. दार बंद असून, पत्रा असून त्याला उत्तर कुठं हाय ते कळायचं. मला उघड्या रानात कळत न्हाई. फरशीवर त्याच्या पायाचा एकच वला रस्ता पडलेला.

त्याचं बघून मलाबी बसवंना. जेवता जेवता उठायचो, दाराची कडी बघायचो. मोटरीवर गेलो की थवं मोजायचो, मला शंभरापर्यंत येत न्हाई म्हनून चाळीस-चाळीसाचं ढीग करायचो. काल सा ढीग व्हतं, आज पाच. माझ्या आयच्या तोंडी, मानूस गेला की 'हंस उडाला' असं यायचं. बाप गेला तवा तिनं तेच म्हटलेलं. त्या दिसांत एक एक थवा उडाला की मला वाटायचं, कुनी मरतंय आन मी हिशेबाला बसलोय.

एक दिवस बायको खुरपायला गेली व्हती. मी न्हानीचं दार उघडलं तर पाखरू पत्र्यापर्यंत उडून आपटलं. आता हे जानार. मी शर्ट त्याच्या डोक्यावर टाकला, गुडघ्यात धरलं, बायकोची ब्लाउज शिवायची कात्री घेतली आन एका पंखाची दहाच्या दहा मोठी पिसं कापली. एकाच बाजूची. एक बाजू हलकी झाली की पाखरू कलंडतं, हे मी कोंबड्यांवरनं शिकलेलो. आवाज असा आला जसं वाळलेला कडबा तोडावा. रगत न्हाई, काय न्हाई. पाखरू वरडलंबी न्हाई. शर्ट काढल्यावर त्यानं एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं. पाखरं एकाच डोळ्यानं बघतात, पन त्या दिशी मला वाटलं, दुसरा डोळा माझ्याकडं करायची त्याला लाज वाटली.

बायको आली. न्हानीत पिसं पडलेली. "हे काय केलं?"

"अगं, येत्यात की. केस कापलं तर येत न्हाईत का? जयंती झाली की पंधरा दिसांत येतील. मग सोडू."

"आन थवा?"

"एक चुकला तर मागनं दुसरा येतोच."

तिनं दहा पिसं येचली, फडक्यात गुंडाळली आन फळीवर ठेवून दिली. मला वाटलं शोभेला ठेवली.

जयंतीच्या दोन दिस आधी बहीन आन दाजी आले. दाजी हातपाय धुवायला न्हानीत गेले ते तसंच वल्या पायानं बाहेर आले. "मेव्हनं, हा अजून हितं कसा? आन पंख कुनी कापला?"

"म्या. येतील की आता."

दाजी पायरीवर बसले. मग म्हनाले, "केस न्हाईत ती. केस मुळातनं वाढत राहतो. पिसू एकदा पुरं झालं की संपलं, ते वाढत न्हाई. हे कापलेलं खुटं पावसाळ्यात आपसूक गळतील, तवाच खालनं नवी येतील. तवर हा चालनार."

"मग मागनं एखादा थवा..."

"ती काय यष्टी हाय का?"

मला ते सांगायची गरजच नव्हती. शेवटचा ढीग चार दिसांपूर्वी उठलेला मीच बघितला व्हता. फुगवटा मोकळा पडलेला. पानी तेवढं राह्यलं व्हतं, आन माझी मोटर.

जयंतीच्या दिशी पाखरू विहाराजवळ नेलं. एकजन म्हनाला, "हंस पांढरा असतो, हा राखाडी कसा?" पोरांनी पावडरचं दोन डबं आनून त्याच्यावर रिकामं केलं. त्यानं एकदाच अंग झाडलं. हंस राखाडीचा राखाडी, गुरुजी मात्र पांढरेशुभ्र. राजपुत्र म्हनून गुरुजींचा नातू नटवला व्हता, त्याच्या मांडीवर ठेवलं तर पाखरानं त्याचा कान धरला. राजपुत्र आयला बिलगला तो ट्रॉलीवर यायलाच तयार न्हाई. भावाचं काम करनाऱ्या गड्यानं धनुष्य ठेवून चप्पल घातली. ट्रॅक्टर चालू व्हता, बाया पांढऱ्या साड्या नेसून रांगंत उभ्या.

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. "तुलाच धरता येतं ना? तू बस."

मी राजपुत्र झालो. मुकुट कानावर बसला, पिवळं वस्त्र गुडघ्याच्या वर संपलं, मिशी तशीच. लोक म्हनाले, राजपुत्राला नातवंडं असतील. चौकात ट्रॉली थांबली. गुरुजींनी माइक माझ्या तोंडाशी धरला. वाक्य मला पाठच व्हतं. "मारनाऱ्यापरीस वाचवनाऱ्याचा हक्क मोठा."

आन टाळ्या पडल्या. जनरेटरवाल्याला, आयुष्यात पैल्यांदा. लोक हसत न्हवतं, खरंच टाळ्या वाजवत व्हतं. म्होरच्या रांगंत माझी बायको. तिनं हात बांधून घेतलेलं. ती माझ्याकडं बघत न्हवती, माझ्या कोपराकडं बघत व्हती. कापलेला पंख मी कोपराखाली दडपून धरला व्हता. मी कोपर आनखी दाबलं. पाखराचं काळीज माझ्या बरगडीला लागत व्हतं, लई जोरात. माझंबी तसंच चाललेलं, त्यामुळं कुनाचं कुठलं ते कळंना.

जयंती संपली. गुरुजी म्हनाले, छान झालं, आता त्याला सोडून दे. आता सोडायचं कुठं, थवं तर गेलं, हे मी कुनाला सांगितलं न्हाई. एकानं रस्सा कर म्हनून सुचवलं, त्याच्याशी मी अजून बोलत न्हाई.

उन्हाळा काढला तो कसा काढला, माझं मला ठावं. थंड मुलखातलं पाखरू, दुपारी चोच उघडून धापा टाकायचं. बायको वलं पोतं दारावर टाकायची, आन न्हानीत आधी त्याची आंघोळ, मग आमची. रोज सकाळी पाटीत घालून, पाटी सायकलीला बांधून मी त्याला फुगवट्यावर न्यायचो. पानी मैलभर आत गेलेलं. मी मोटर सरकवायचो, ते पान्यात एकटंच बसायचं. एकटं म्हंजे कसं, ते मी तवर बघितलं न्हवतं. मान वर करून आवाज द्यायचं आन गप राहून ऐकायचं. मग परत आवाज. पल्याडच्या काठावरनं कधीमधी गाय हंबरायची, तेवढंच.

वैशाखात टेम्पोवाला आला. वाशी मार्केटची फेरी, रोजचं काम, चल म्हनाला. असं कुनी बोलावलं की माझं पाय माझ्याआधी उठायचं. त्या दिशीबी उठलं. घर सोडून रस्त्यापर्यंत गेलो, चप्पल घालून. मग माघारी आलो. टेम्पोवाल्यानं इचारलं, घरी कोन आजारी हाय का? मी म्हटलं, पावना हाय. त्याला खरं वाटलं न्हाई, आमच्याकडं पावना राहतो ह्यावर कुनाचाच इस्वास बसत नसतो.

आषाढ सरता सरता एक दिवस न्हानीत सगळी पिसंच पिसं. कापलेलं खुटं पडलं, आन धड व्हता त्या पंखाचीबी गळाली. मला वाटलं आता हे मरतंय. पळत टेकडीवर गेलो, मालकाच्या मोबाइलवरनं दाजींना फोन लावला. दाजी म्हनाले, "पडू दे. ह्यांची सगळी एकदमच पडतात. आता हात लावू नका." आठ दिसांत त्या जागी निळसर नळ्या फुटल्या. त्यात रगत व्हतं, उन्हात धरलं की दिसायचं. दाजींनी सांगितलं ते मला तवा उमगलं. वाढतं तवाच पिसू जितं असतं.

तवा बायकोनं फळीवरचं फडकं काढलं. जुनं पिसू घ्यायची, नव्याशेजारी धरायची. "अजून वीतभर कमी हाय." दुसऱ्या आठवड्यात, "आता चार बोटं." पाखरू तिला पंख धरू द्यायचं. मी जवळ गेलो की पंख मिटायचं. शोभेला न्हवतीच ठेवली तिनं. मी बिघडवलं ते किती भरून आलं, ते मोजायला ठेवली व्हती.

भादव्यात ते न्हानीवरनं उडून शेजाऱ्याच्या कांद्याच्या चाळीवर बसलं. शेजारी म्हनाला, "तुझा कोंबडा उतरव." मग ते रोज उडायचं आन संध्याकाळी माघारी यायचं. माझ्यावर जीव जडला म्हनून येतंय, असं मी दोन-चार लोकांना सांगितलं. खरं म्हंजे त्याला दुसरं कुनी न्हवतं.

मग थंडी पडली, फुगवटा भरलेला, आन एका सकाळी मोटरीवर गेलो तर आवाज. पल्याडच्या काठावर एक ढीग. मी मोटर तशीच टाकून घरी आलो. बायकोनं पाटी घेतली, मी सायकल.

काठावर पाटी ठेवली. पाखरानं मान वर केली. तिकडनं आवाज आला, ह्यानं उत्तर दिलं. बराच येळ उभं राह्यलं. मी काहीतरी बोलायचं म्हनून तोंड उघडलं. जयंतीचं वाक्य सोडून मला काय सुचंना, आन ते काय म्हनवंना. तेवढ्यात ते पान्यावरनं धावत गेलं आन उडालं. दोन्ही पंख सारखं हलत व्हतं, मी तेवढंच बघितलं. थव्यात उतरलं. तिथं जरा गलबला झाला, दोघा-तिघांनी माना लांबवल्या, मग सगळं निवांत. मी डोळं ताणून बघतोय, पन सगळ्यांच्या मानेमागं त्याच दोन रेघा. आपलं कुठलं, ते सांगता येईना.

मी हात वर करून उभा. एकबी मान हिकडं वळंना. थोड्या येळानं हात खाली घेतला आन म्हनालो, "दहा महिनं न्हानी दिली. एकदा मागं वळून बघायला काय व्हतं त्याला?"

बायको पाटीतला पाला झटकत व्हती. तिनं पाटी पालथी करून बूड थापटलं.

"पंख तुमी कापलं, उगवलं त्याचं त्यानं," ती म्हनाली. "तुमाला कशाला बघंल?"